इंग्रजीचा तास आणि मागचा बाक

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना इंग्रजी यावें असें आज कोणाला वाटत नाहीं? बाप पोटाला चिमटा घेतो, आई अंगावरचा डाग मोडते, पण पोरांची शाळा चुकवीत नाहींत. सरकारनेंहि ही मागणी ऐकली. पूर्वीं मराठी शाळांत इंग्रजी पांचवीपासून असे. 2000 सालापासून तें पहिलीपासून सुरू झालें. म्हणजे नववींत बसलेलें मूल आठ वर्षें इंग्रजी शिकून आलेलें असतें. असें असूनहि एकाच वर्गांत एक मुलगी इंग्रजींत अर्ज लिहिते, तिच्या मागचा मुलगा वाक्य घडाघडा वाचतो पण अर्थ विचारला तर खालीं पाहतो, आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाला अक्षरें जुळवून शब्दहि वाचतां येत नाहीं. मास्तर मात्र तिघांनाहि एकच धडा, एकाच चालीनें, एकाच तासांत शिकवितात. यांत शिकतो कोण, हा आमचा सवाल आहे.

या तिघांतला फरक बुद्धीचा नाहीं, वाटेचा आहे. पहिलीच्या घरीं पुस्तकें आहेत, संध्याकाळीं शिकवणी आहे. दुसऱ्याचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात व गाळप संपल्यावर परततात. त्यांच्याबरोबर मुलाचें अर्धें वर्ष कारखान्याच्या तळावर जातें. तिसऱ्याच्या घरांत गोंडी, कोरकू किंवा भिल्ली बोलतात. त्याला मराठी हीच परकी आणि इंग्रजी त्याच्याहि पलीकडची. शेतकरी खोल काळ्या रानांत आणि बरड माळावर एकाच दिवशीं चाडें धरीत नाहीं. माळाला वाफसा लवकर येतो, काळीला उशिरां, हें त्याला ठाऊक असतें. पण पीक तो दोन्हीकडून घेतो. जें बांधावर कळतें तें शाळेंत कां कळूं नये?

शाळांत आज या अडचणीवर दोन उपाय चालतात आणि दोन्ही घातकी आहेत. पहिला उपाय म्हणजे पुढच्या दोन बाकांकडे पाहून शिकविणें. मागचीं मुलें गाईडांतून उत्तरें उतरवितात, वह्या भरतात, वह्यांवर सह्या होतात आणि मूल होतें तेथेंच राहतें. दुसरा उपाय म्हणजे गुणांप्रमाणें तुकड्या पाडणें. हुशारांची 'अ' तुकडी, बाकीच्यांची 'ब', आणि उरलेल्यांची 'क'. यांत सोय दिसते खरी. पण 'क' तुकडींत कोणाचीं मुलें बसलेलीं दिसतात, तें एकदां डोळे उघडून पाहावें. एकदां 'ढ' हा शिक्का बसला कीं मास्तरांची अपेक्षा खालीं येते, मुलाचा धीर सुटतो, आणि पांचवींत पडलेलें अंतर दहावींत दुप्पट होतें. जन्मावरची उतरंड मोडावयाची म्हणून आपण शाळा काढल्या. त्याच शाळेंत गुणांची नवी उतरंड रचावयाची काय?

आमचें म्हणणें असें कीं धडा एक असावा, ध्येय एक असावें, पायऱ्या मात्र निरनिराळ्या असाव्या. आणि कोणत्याहि पायरीवर कोणाला कायमचें बसवूं नये.

हें कसें साधतें तें एका तासावरून सांगतों. विषय घ्या कीटकनाशकाच्या डब्यावरील इंग्रजी मजकुराचा. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें शेतकरी व शेतमजूर दगावले, हें आपण विसरलों नाहीं. तेव्हां हा धडा पोटाशीं निगडित आहे. रिकामा डबा वर्गांत आणूं नये. मजकूर फळ्यावर उतरावा. डब्यावर एक चौकोन असतो व त्याच्या खालच्या त्रिकोणाला रंग असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालीं पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल-पिवळ्याबरोबर 'पॉयझन' हा शब्द येतो, निळ्याबरोबर 'डेंजर', हिरव्याबरोबर 'कॉशन'.

पहिलीं दहा मिनिटें मास्तरांनीं हें सर्वांना मिळून वाचून दाखवावें. पुढचीं वीस मिनिटें तीन कामें. ज्यांना अजून शब्द जुळवावे लागतात त्यांनीं हे शब्द रंगाशीं जोडावे, मोठ्यानें म्हणावे व पांच छोट्या आज्ञा वाचाव्या: 'वेअर ग्लोव्हज', 'वॉश हँड्स' अशा. ज्यांना वाक्य वाचतां येतें पण लिहितांना अडतें त्यांनीं 'डू' आणि 'डू नॉट' घालून स्वतःच्या सहा सूचना लिहाव्या. आणि जे पुढें गेले आहेत त्यांनीं गांवच्या चावडीवर लावण्याजोगी इंग्रजी नोटीस लिहावी. प्रत्येक सूचनेला 'बिकॉज' घालून कारण द्यावें. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे एकत्र. एक मुलगा सूचना वाचतो, दुसरा ती करून दाखवितो, तिसरी कारण सांगते. आज्ञार्थी वाक्य हा व्याकरणाचा भाग तिघांनीहि शिकला आणि कोणीहि रिकामा बसला नाहीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवली पाहिजे. ऐकणें, बोलणें, वाचणें व लिहिणें हीं चार निरनिराळीं कामें आहेत. आठवडी बाजारांत बसणारी पोर बोलण्यांत धीट असते, पण लेखणी धरली कीं अडते. घरांत घुम्या राहणारा मुलगा पत्र सुरेख लिहितो. म्हणून जून महिन्यांतच मास्तरांनीं प्रत्येक मुलाकडून चार ओळी वाचून घ्याव्या, पांच वाक्यें लिहवून घ्यावीं, दोन प्रश्न विचारावे, आणि चारहि कामांची नोंद वेगवेगळी ठेवावी. आज वाचनाच्या पहिल्या पायरीवर असलेली मुलगी उद्यां संभाषणाच्या तिसऱ्या पायरीवर बसेल. दर पंधरवड्याला नोंद पाहून जागा बदलाव्या. जागा बदलत नसतील तर ती पुन्हां 'क' तुकडीच झाली, नांव कांहींहि द्या.

कोणी म्हणेल, साठ मुलें, एक मास्तर, आणि डोक्यावर बोर्डाची परीक्षा. हीं नाटकें कोण करणार? मास्तरांची ही तक्रार खोटी नाहीं. मोठे वर्ग लहान करणें, मास्तरांना इतर कामांतून मोकळें करणें व त्यांना या रीतीचें शिक्षण देणें हें सरकारचें आणि संस्थाचालकांचें कर्तव्य आहे, आणि तें मागून घेतलें पाहिजे. परंतु तीन धडे तयार करा असें आम्ही म्हणत नाहीं. एका धड्याचीं तीन कामें करा, एवढेंच म्हणतों. परीक्षेचें म्हणाल तर दहावीला उत्तीर्ण होण्यास 35 गुण लागतात. घोकलेला निबंध कदाचित् तेथपर्यंत नेईलहि. पण पुढें आयटीआयच्या यंत्रावरील सूचना कोण वाचून देणार?

ही कल्पना हवेंतली नाहीं. 'प्रथम' ही संस्था 1995 सालीं मुंबईंत निघाली. तिनें मागें पडलेल्या मुलांना इयत्तेप्रमाणें न शिकवितां त्यांना जें येतें तेथून पुढें शिकविलें. मुंबई व बडोदें येथील या कामाची अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह कसून तपासणी केली, आणि मुलें खरोखरच पुढें गेलीं असें दिसलें. याच दोघांना पुढें 2019 सालीं मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचें नोबेल मिळालें. तीं मुलें प्राथमिक वर्गांतलीं होतीं आणि विषय इंग्रजी नव्हता. पण मूल जेथें उभें आहे तेथून त्याचा हात धरावा, हें तत्त्व दोन्हीकडे एकच.

1882 सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें सांगितलें कीं रयतेच्या घामांतून सरकारचा खजिना भरतो, पण शिक्षणाचा लाभ वरच्यांच्या पदरांत पडतो. आज शाळा गांवोगांव आहेत, बाकहि आहेत. पण त्याच खोलींत पुढच्या बाकाला शिक्षण आणि मागच्या बाकाला नुसती हजेरी मिळत असेल, तर ती तक्रार मिटली असें कोण म्हणेल? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून लागेल तें जादा शिक्षण देण्याचें कर्तव्य शिक्षकावर घातलें आहे. तो कायदा आठवीपर्यंतच पोहोंचतो. नववी-दहावीच्या मुलांसाठीं आपणच बोललें पाहिजे.

तेव्हां बंधुभगिनींनो, पालकांच्या सभेला हात जोडून गप्प बसूं नका. तुम्हांला इंग्रजी येत नसेल, तरी तीन प्रश्न मराठींत विचारतां येतात. माझ्या मुलाला काय वाचतां येतें आणि काय नाहीं, याची नोंद दाखवा. या आठवड्यांत त्याला कोणतें काम दिलें होतें? आणि तो पुढच्या पायरीवर केव्हां जाणार? ज्या मास्तरांपाशीं या तिन्हींचें उत्तर असेल त्यांना मान द्या, लागेल ती मदत करा. ज्यांच्यापाशीं नसेल त्यांना पुढच्या महिन्यांत पुन्हां विचारा.