बकरी फडात शिरली, पुढे?

दुसरीच्या वर्गात एक मुलगी गोष्ट सांगायला उभी राहिली. तिची बकरी शेजाऱ्याच्या उसाच्या फडात शिरली होती. "फिर दादी ऐसी बोंब मारी टीचर..." एवढ्यात मी म्हटलं, "बोंब नहीं बेटा, चीख़ी कहो." ती म्हणाली, "चीख़ी." आणि खाली बसली. बकरीचं पुढे काय झालं, ते वर्गाला कळलंच नाही.

बी.एड.ला मी पाठाचं टाचण काढायला शिकले. मूल बोलत असताना गप्प बसायला अजून शिकतेय.

बारामती-इंदापूरकडच्या आपल्या घरांत बोललं जातं ते पुस्तकातलं उर्दूही नाही आणि पुस्तकातली मराठीही नाही. 'मेरेकू', 'नक्को', आणि त्यातच बांध, पाट, फड. हे बोलणं उर्दू शाळेत गावंढळ ठरतं, मराठी शाळेत परकं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. आपण प्रवेशाच्या अर्जावर 'मातृभाषा : उर्दू' लिहून मोकळे होतो.

माझं म्हणणं एवढंच, की सहा-सात वर्षांच्या मुलाला त्याच्या बोलीत गोष्ट शेवटपर्यंत सांगू द्या. आधी काय घडलं, मग काय, कशामुळे, हे ते स्वतः जुळवत असतं. समोरच्याला बकरी कुणाची ते माहीत नाही, तर ते सांगायला हवं, हेही त्याला तेव्हाच उमगतं. पुढे निबंध लिहिताना हेच लागतं. 'चीख़ी' हा शब्द शिकवायचाय ना? मग दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मी माझ्या तोंडून सांगेन, त्यात तो येईल. आणि गोष्ट संपताच 'इससे क्या सबक़ मिला?' विचारू नका. गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या बालमंदिरात शंभर वर्षांपूर्वी गोष्ट सांगितली ती आधी मुलांच्या आनंदासाठी.

पालक म्हणतात, टीचर, अशानं उर्दू बिघडेल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहानं 'किताब-ए-नौरस' दखनीत लिहिलं. आपल्या घरातली बोली तिच्याच गोतातली. बादशहाला जिची लाज वाटली नाही, तिची आपल्याला का वाटावी? मला विचाराल तर मुलांची भाषा बिघडत नाही, तोंड बंद होतं. मग पाचवीत आम्हीच तक्रार करतो, पोरं उत्तरं लिहीत नाहीत.

मागच्या महिन्यात त्या मुलीच्या घरी गेले. दादीला म्हटलं, बकरीची गोष्ट सांगा. ती हसली. "दिन में कहानी बोले तो मुसाफिर रस्ता भूलते, टीचर. इशा के बाद आओ."

गेले. पण दादीला बोलूच दिलं नाही पोरीनं. सगळी गोष्ट तिनंच सांगितली, बोंबेसकट. फडवाल्यानं बकरी बांधून ठेवली होती आणि पाणीही पाजलं होतं.