स्वनातीत सह्या

माणसानं आवाजाचा वेग ओलांडला त्याला पाऊणशेहून अधिक वर्षं झाली. पण त्या पराक्रमाच्या सह्या विकणाऱ्यांचा आवाज अजून आपला पाठलाग करतोच आहे. आमचे दौंडचे साडू त्याला बळी पडले. जंक्शनच्या गावी राहत असल्यामुळे वेगातलं सारं आपल्याला उपजतच कळतं, असा त्यांचा समज आहे. शिरूरला रेल्वे नाही, म्हणून आम्हा घोडनदीकरांना ते स्थावर मालमत्तेत धरतात. त्यांनी अठरा हजार रुपये मोजून चक येगरच्या सहीचा विमानाचा फोटो दिवाणखान्यात लावला आहे.

"हा इतिहास आहे, इतिहास!" साडू म्हणतात.

मी म्हणतो, ही नुसती शाई आहे. १४ ऑक्टोबर १९४७ रोजी येगरनं बेल एक्स-१ विमान माक १.०६ पर्यंत नेलं. म्हणजे ताशी सुमारे सव्वाअकराशे किलोमीटर. या वेगानं पुण्याहून दौंड चार मिनिटांत येतं, आउटरला थांबवलं नाही तर! पठ्ठ्याच्या धाडसाबद्दल वादच नाही. पण दोन दिवस आधी तो घोड्यावरून पडला होता, बरगड्या दुखावल्या होत्या आणि विमानाचं दार लावायला हात चालेना. तेव्हा जॅक रिडली या इंजिनिअरनं त्याला झाडूचा दांडा कापून दिला. त्या दांड्यानं दार लागलं, मग पुढचा इतिहास घडला. आता मला सांगा, त्या दांड्यावर कुणाची सही आहे?

आपल्याकडचंच बघा. मिग-२१ हे आपलं पहिलं स्वनातीत लढाऊ विमान १९६३ साली आलं, पुढं नाशिकजवळ ओझरला बनू लागलं आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. हवाई दलात उड्डाणाआधी फॉर्म ७०० वर सह्या होतात. तपासणी करणारे तंत्रज्ञ आपापल्या कामाखाली सही करतात आणि शेवटी वैमानिक विमान ताब्यात घेतल्याची सही करतो. म्हणजे तो आपला जीव वरच्या सह्यांच्या हवाली करतो. साडूंच्या भिंतीवरची सही पराक्रमानंतरची, शोभेची. ही उडण्याआधीची, जोखमीची. ती खोटी निघाली तर माणूस घरी येत नाही.

आमच्या आळीत असे एक निवृत्त गृहस्थ आहेत. मिगच्या पोटाखाली उताणं पडून काम करायचं आणि मग सही करायची, यात त्यांची उमेद गेली. आता त्यांची सही वर्षातून एकदाच लागते. नोव्हेंबरात, पेन्शनसाठी, आपण हयात आहोत या कागदावर! तीसुद्धा खिडकीतला पोरगा "जुळत नाही, आजोबा" म्हणून परत करतो.

हे ऐकून साडू म्हणाले, "ते ठीक आहे हो, पण त्या सहीला बाजारात भाव काय?"

काहीच नाही. म्हणून तर मी म्हणतो, आपल्या पोरांना वह्या देऊन अशा म्हाताऱ्यांकडे पाठवा. सही फुकट मिळेल, वर चहा मिळेल आणि विमान कसं उडतं तेही कळेल. हात कापतो त्यांचा, तेवढं मात्र थांबावं लागेल. दौंडकरांना आउटरवर थांबायची सवय आहेच.