राहुटी कोठे ठोकावी?

शहरातील माणसास आठवड्यातील एखादी रात्र मोकळ्या रानात काढावीशी वाटते, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नाशिकपासून नांदूर मध्यमेश्वर सुमारे 40 किलोमीटरवर आहे. थंडी पडू लागली की तेथे पक्षी पाहण्यास लोक येतात, आणि त्यांपैकी काहींना सायंकाळी घरी न परतता पाण्याच्या काठी राहुटी ठोकून राहण्याची इच्छा होते. अशा वेळी गावाकडून दोन प्रकारची उत्तरे मिळण्याचा संभव असतो. ‘गायरान मोकळेच पडले आहे, ठोका तंबू’ हे एक. आणि ‘ही शहरी थेरे आमच्या शिवारात नकोत’ हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे शेतकऱ्याच्या हिताची नाहीत.

नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय निसर्गाने दिलेला नाही. गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंधारा घालण्यात आला, तो कालव्यांसाठी. येथून निघणाऱ्या उजव्या व डाव्या कालव्यांवर कोपरगाव, राहाता या भागांतील शेती उभी राहिली. पुढे वर्षानुवर्षे नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, लहान बेटे तयार झाली आणि त्यांवर पाणवनस्पती व गवत माजले. सिंचनाच्या दृष्टीने जी हानी, तीच पक्ष्यांच्या दृष्टीने सोय ठरली. 1986 साली हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि 2020 साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याचा समावेश झाला. महाराष्ट्रात हा मान प्रथम मिळाला तो निफाड तालुक्यातील या जागेस. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, क्रौंच असे पाहुणे दूर उत्तरेकडून येथे हिवाळा काढण्यास येतात. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी तर झाडावर न बसता रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतो. म्हणजे ज्या गवतावर राहुटी ठोकावीशी वाटते, तेथे रात्रीचा बिऱ्हाडकरू आधीपासूनच असतो.

पाल ठोकून राहणे ही निफाडच्या रानाला नवी गोष्ट नव्हे. पिके निघाली की धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन येतात आणि शेतात वाडा बसवितात. शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसा देतो, कारण मेंढ्या रात्रभर जमिनीत लेंडी व मूत्र सोडून जातात, आणि त्या खताचा गुण पुढील पिकात दिसतो. उसाच्या तोडणीसाठी येणारे मजूरही कोप्या बांधून राहतात. या दोन्ही मुक्कामांत गावाशी देवघेव आहे, आणि कोणी कोठे बसावे हे ठरलेले आहे. शहरातून येणाऱ्या राहुटीबाबत ही ठरावणूकच झालेली नाही. भांडणाचे मूळ तेथे आहे.

गायरानाचा प्रश्न प्रथम घ्यावा. गायरान ही पडीक जागा नसून गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली जमीन आहे. ज्याच्याकडे एक-दोन शेळ्या व एखादी गाय आहे आणि स्वतःची जमीन नाही, त्याचे तेच कुरण. मारवेल, पवना यांसारखी चांगली गवते तुडविली गेली आणि त्यांच्या जागी कुसळी माजली, तर तोटा भूमिहीन कुटुंबाचा होतो. तंबूचे भाडे मात्र दुसऱ्याच कोणाच्या खिशात पडते. शिवाय हिवाळ्याच्या अखेरीस गवत वाळलेले असते. एक निखारा वाऱ्याने उडाला की वैरणीचा वर्षाचा साठा जाऊ शकतो. अभयारण्याच्या हद्दीत आग लावणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये गुन्हाच आहे, व तेथे परवानगीवाचून मुक्कामही करता येत नाही. गाळपेर जमिनीचेही तसेच. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ती जमीन सरकारी असून शेतकऱ्यास हंगामापुरती लागवडीसाठी मिळते. तंबू भाड्याने देण्यासाठी नव्हे. अशा लोभाने गाळपेराचा हक्क गमावणे कोणासही परवडणारे नाही.

तेव्हा राहुटीची योग्य जागा एकच उरते, ती म्हणजे शेतकऱ्याची स्वतःची जमीन. आणि तीही वस्तीजवळची. राज्याचे कृषी पर्यटन धोरण 2020 साली जाहीर झाले असून, किमान 1 एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. ही वाट लहान शेतकऱ्यासही खुली आहे. गावपातळीवरील सेवकांनी अर्जाचे कागद पूर्ण करण्यास त्यास साहाय्य केले, तर ते कोणत्याही प्रात्यक्षिकाइतकेच उपयोगी काम होईल.

परंतु स्वतःच्या जमिनीतही जागेची निवड डोळसपणे करावयास हवी. निफाडची काळी जमीन ओली असताना तीवरून मोटार गेली की माती दाबली जाते, तेथे पाणी मुरत नाही आणि पुढे नांगरताना ढेकळे निघतात. म्हणून वाहने बांधावर किंवा मुरमाच्या जागी उभी करवावीत. द्राक्षबागेच्या लगत राहुटी कधीही देऊ नये. हिवाळा हाच बागेतील फवारण्यांचा काळ असतो आणि झोपलेल्या पाहुण्यास पहाटेचा औषधाचा वारा लागणे धोक्याचे आहे.

उसाच्या कडेची जागा त्याहून वाईट. निफाड तालुक्यात बिबट्याचा वावर उसाच्या आश्रयाने वाढलेला आहे, आणि तोडणी सुरू झाली की तो लपण्यास दुसरे शेत शोधतो. ज्या शिवारात त्या हंगामात बिबट्या दिसला असेल तेथे कापडी राहुटीत, विशेषतः मुलांसह, कोणासही निजू देऊ नये. पाहुण्यास ओसरी किंवा खोली द्यावी. त्यास थोडी निराशा होईल, पण जीव सुरक्षित राहील. उरलेले अन्न, हाडे उघड्यावर टाकू नयेत. त्यांच्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. मण्यारीसारखे साप रात्री फिरतात. म्हणून तळ शिवलेला व तोंड पूर्ण बंद होणारा तंबूच वापरावा आणि जमिनीवर उघड्याने झोपू नये.

थंडीविषयीही पाहुण्यांना आगाऊ सांगणे बरे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरील किमान तापमान काही वर्षी 5 अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेले आहे. अशा पहाटे द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून शेतकरी बागेत शेकोट्या पेटवितो. पाहुण्यांना शेक हवाच असेल तर तो अंगणात, माती उकरून केलेल्या खड्ड्यात व घरमालकाच्या देखरेखीखाली असावा. तंबूच्या आत शेगडी पेटविण्यास मात्र साफ मनाई करावी. बंद जागेतील धुराने गुदमरून माणसे दगावतात.

इतके निर्बंध घातल्यास येणार कोण, असा आक्षेप घेतला जाईल. मावळातील पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा लागल्या, गोंगाट व कचरा यांच्या तक्रारी आल्या. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे पाहण्यास येणाऱ्यांमुळे आदिवासी कुटुंबांना रोजगार मिळाला हे खरे, परंतु मोटारींच्या दिव्यांनी काजव्यांनाच उपद्रव होऊ लागला. जी वस्तू पाहण्यास लोक येतात तीच नाहीशी झाली, तर धंदा किती वर्षे टिकेल? नांदूर मध्यमेश्वरला लोक येतात ते पक्ष्यांसाठी. रात्री काठावर दिवे व वाद्ये नसली, तरच पहाटे मनोऱ्यावरून दुर्बिणीने दाखविण्यास काही उरते, आणि गावातील तरुणांना मार्गदर्शक म्हणून मिळणारी मजुरीही त्यावरच अवलंबून आहे. शांततेसाठी आलेला पाहुणा निर्बंधांना कंटाळत नाही. जो कंटाळतो, त्याचे भाडे बुडाले तरी चालेल.

पावसाळ्यात मात्र नदीकाठी एकही राहुटी नको. दारणा, गंगापूर आदी धरणांतून सोडलेले पाणी या बंधाऱ्यावर एकत्र येऊन पुढे जायकवाडीकडे जाते, आणि वरच्या भागात पाऊस जोराचा असेल तर येथे आभाळ निरभ्र असतानाही रात्रीत पाणी चढते. विसर्गाची सूचना गावात येते तेव्हा ती काठावरच्या परक्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात काठाची जागा कोणीही, कितीही भाड्याने, देऊ नये, असा ठराव ग्रामसभेने आधीच करून ठेवावा.