ग्रंथालयाची वास्तू कोणाची?

अहमदनगर जिल्हा वाचनालयाची स्थापना 1838 साली झाली. म्हणजे 2038 साली या संस्थेस दोनशे वर्षे पूर्ण होतील. त्या वेळी मंडप पडेल, हारतुरे होतील, वक्ते गतवैभवाचे गुणगान करतील, यात आम्हांस शंका नाही. शंका आहे ती एवढीच की, मंडप उतरल्यावर ग्रंथांवरील छप्पर कोणी सांभाळावयाचे?

या संस्थेचे वय नुसत्या आकड्याने ध्यानात येत नाही. 1838 साली मुंबई विद्यापीठ नव्हते, आगगाडी नव्हती. नगरची नगरपालिकासुद्धा 1854 साली आली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघून जेमतेम सहा वर्षे झाली होती. खुद्द नगरात ‘ज्ञानोदय’ निघावयास अजून चार वर्षे होती, आणि मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली यावयाची होती. सारांश, कपाटे भरतील इतके मराठी ग्रंथ छापले जाण्यापूर्वीच या गावात ग्रंथांसाठी जागा झाली. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

ज्या जिल्ह्यात नेवाशास ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, ज्या नगरच्या किल्ल्यात बंदिवान असता पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिला, तेथे या दूरदृष्टीचा विसर पडणे शोभत नाही.

1967 च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांस मान्यता व अनुदान यांचा आधार मिळाला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु मद्रास राज्याने 1948 सालीच ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर अधिभार बसविला. तशी तरतूद आपल्या कायद्यात झाली नाही. परिणामी जुन्या ग्रंथालयांना अनुदान व वर्गणी यांवरच मुख्यतः विसंबावे लागते. छपराची गळती आणि वाळवी मात्र अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहत नाहीत.

आता सारे काही मोबाईलवर वाचता येते, मग इमारती कशास हव्यात, असे कोणी विचारील. काही वर्षे अध्यापनात घालविलेल्या आम्हांस याचे उत्तर ठाऊक आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात, तेथील मुलास पुस्तकापेक्षाही दुर्लभ असते ती शांत जागा. ती त्याला विनासंकोच देणारी वास्तू गावात एखादीच असते.

तेव्हा शासनाने कायद्यातील ही उणीव दूर करावी; महानगरपालिकेने जुन्या ग्रंथालयांच्या दुरुस्तीसाठी अंदाजपत्रकात दरवर्षी निश्चित रक्कम राखावी; आणि नागरिकांनी, विशेषतः ज्यांची मुलेबाळे या शहरात शिकून मोठी झाली त्यांनी, वाचनालयाचे वर्गणीदार व्हावे. द्विशताब्दीचा मंडप 2038 साली पडेल. वर्गणीची पावती मात्र याच महिन्यात फाडता येईल.