पद्मिनीचे पाटे आणि हरवत चाललेली मापे

30 ऑक्टोबर 2023 रोजी प्रीमियर पद्मिनी जातीची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायद्याने निवृत्त झाली, तेव्हा तिच्या आठवणींनी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरून गेले. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरली, एवढी हकीकत सर्वांना कळली. परंतु त्या टॅक्सीबरोबर तिच्या सुट्या भागांचा बाजारही मावळला, आणि ज्यांच्या घरी आजोबांनी किंवा वडिलांनी घेतलेली पद्मिनी अद्याप उभी आहे त्यांच्या दृष्टीने खरी हानी तीच होय, या गोष्टीचा विचार मात्र फारसा कोणी केलेला माझ्या वाचनात नाही. यंत्राचा भाग दुर्मिळ होतो तो केवळ जुनेपणामुळे, असा एक सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो दुर्मिळ होतो त्याची मागणी थांबल्यामुळे. आणि मागणी थांबली की प्रथम नाहीसा होतो तो त्या भागाचा साठा, नंतर त्याचा साचा, आणि सर्वांत शेवटी, कोणाच्या ध्यानातही न येता, त्याचे माप.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यात प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या जुळवल्या, पुढे इटलीच्या फियाटशी करार केला, आणि 1954 च्या सुमारास फियाट 1100 ही गाडी मुंबईकरांच्या परिचयाची झाली. 1964 सालची डिलाइट, त्यानंतरची प्रेसिडेंट आणि 1974 पासूनची पद्मिनी ही सारी त्याच घराण्याची अपत्ये होत. बाह्यांग थोडेथोडे पालटत गेले, तरी 1089 घनसेंटिमीटरचे एंजिन आणि खालची सारी बैठक मूळ इटालियन आराखड्याशी अखेरपर्यंत इमान राखून राहिली. या दीर्घ सातत्याचा परिणाम असा झाला की कंपनीच्या दारापासून गल्लीतल्या लेथपर्यंत असंख्य लहानमोठ्या कारखानदारांनी या एका गाडीचे किंगपिन, बुश, शॅकल आणि पाटे बनवण्यावर आपला प्रपंच चालवला. हजारो टॅक्सीवाले ठराविक काळाने त्यांचे गिऱ्हाईक होत, आणि त्या गिऱ्हाइकीच्या आश्रयाने खासगी मालकाची हौसही स्वस्तात भागत असे. आज तो आश्रय उरलेला नाही.

गाडीच्या पुनरुद्धाराची भाषा बोलणारे बहुतेक लोक रंग, क्रोमच्या पट्ट्या आणि आसनांचे कापड यांविषयी बोलतात. पण माणसाची चाल जशी त्याच्या सांध्यांवर अवलंबून असते तशी गाडीची चाल तिच्या सस्पेन्शनवर अवलंबून असते, आणि ते अंग दर्शनी नसल्यामुळे सर्वांत अधिक उपेक्षित राहते. पद्मिनीच्या पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक अशा दोन भुजा आहेत. चाक उचलले असता ते रस्त्याशी योग्य कोनात राहावे असा हिशोब त्या दोन भुजांच्या ठेवणीत इटालियन अभियंत्यांनी बांधून ठेवलेला आहे. भुजांच्या टोकांशी किंगपिन, ज्याच्याभोवती चाक वळते. भार पेलण्यास वेटोळ्याची स्प्रिंग. आणि स्प्रिंगचे हेलकावे शमवण्यास शॉक ॲब्सॉर्बर, ज्याला गॅरेजात सर्रास शॉकप म्हणतात. मागच्या बाजूस एकसंध ॲक्सल आणि त्याखाली पोलादी पाट्यांची जुडी, अशी ही रचना आहे. रचना साधी आहे, परंतु तिचा प्रत्येक घटक दुसऱ्याच्या मापावर विसंबून असल्यामुळे एकाचे माप चुकले की शिक्षा साऱ्यांना होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण स्प्रिंगचेच आहे. वर्षानुवर्षे भार सोसून स्प्रिंग बसते, गाडीचे तोंड खाली येते, आणि मालक समजतो की पोलाद मऊ पडले. पोलाद मऊ पडलेले नसते. त्याचा ताठरपणा जवळजवळ पूर्वीइतकाच असतो, घटलेली असते ती स्प्रिंगची मोकळी उंची. हे न ओळखता जो उपाय सर्रास केला जातो तो म्हणजे जाड तारेची दुसरी कोणती तरी स्प्रिंग आणून बसवणे. परंतु वेटोळ्याच्या स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या तीच ठेवून तार अवघी दहा टक्के जाड घेतली, तरी स्प्रिंग सुमारे 46 टक्के ताठ होते. गाडी उंच दिसते, मालक संतुष्ट होतो, आणि रस्त्यावरचा प्रत्येक धक्का थेट भुजांच्या बुशांवर, किंगपिनवर आणि सरतेशेवटी पत्र्याच्या सांगाड्यावर आदळू लागतो. गाडी खाली बसवण्याच्या हौसेने उलट जे लोक स्प्रिंगचा एखादा वेढा कापतात, त्यांनाही हे ठाऊक नसते की आठ कार्यक्षम वेढ्यांपैकी एक कमी केला तर ताठरपणा सुमारे चौदा टक्क्यांनी चढतो. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून ती बसवण्याचा प्रकार तर निव्वळ अपराध मानावा असा आहे. कारण कारखान्यात पोलादाला दिलेले पाणी त्या ज्योतीने उतरते, आणि ते पाणी नुसत्या गार होण्याने परत येत नाही.

पाट्यांची गोष्ट किंचित अधिक आशादायक आहे, कारण पाटे घडवणारे हात महाराष्ट्रात अजून शिल्लक आहेत. ट्रकच्या धंद्यामुळे हमरस्त्याच्या कडेला कमानपाट्यांची दुकाने आजही चालतात. भट्टी, ऐरण, तेलाचे पिंप आणि नजरेनेच वाक ओळखणारा कारागीर, एवढ्या सामग्रीवर तेथे बसलेल्या पाट्याला पुन्हा बाक देता येतो. मात्र बाक दिल्यावर तो पाटा पुन्हा रीतसर तापवून तेलात विझवावा लागतो आणि नंतर बेताच्या उष्णतेवर त्याचा ठिसूळपणा घालवावा लागतो. नुसता ठोकून वाकवलेला पाटा काही महिन्यांत पूर्वस्थितीला येतो. ट्रकवाल्याला हवा असतो भार, पद्मिनीला हवे असते मार्दव. तेव्हा एक पाटा जास्त घालून देतो, ही कारागिराची सदिच्छेने केलेली सूचना नम्रपणे नाकारावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाट्यांच्या डोळ्यांत आणि भुजांच्या मुळाशी जे रबरी बुश असतात त्यांच्याविषयी एक नियम प्रत्येक मिस्त्रीने भिंतीवर लिहून ठेवावा: त्यांचे नटबोल्ट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी करून, तिचा भार तिच्यावर घेऊन. असा बुश घसरून नव्हे, तर रबराला पीळ पडून काम करतो. चाके लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी जमिनीवर येताच त्याला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश अल्पावधीत फाटतो. मग दोष रबराच्या माथी मारला जातो.

हत्यारांचा प्रश्न भागांइतकाच बिकट आहे. वेटोळ्याची स्प्रिंग काढताना तिच्यात दडपलेली शक्ती हात मोडण्यास किंवा प्राण घेण्यासही पुरेशी असते. ती दोरीने वा तारेने बांधून काढण्याचा जो परिपाठ अनेक ठिकाणी आहे तो कितीही जुना असला तरी त्याज्य आहे, आणि त्या गाडीला साजेसा स्प्रिंग कॉम्प्रेसर हाताशी नसेल तर ते काम हातात न घेणे हेच शहाणपणाचे. किंगपिनचे नवे बुश ठोकून बसवले की ते आतून योग्य व्यासाच्या रीमरने साफ करावे लागतात, आणि तेही असे की वरचा व खालचा बुश एकाच रेषेत यावा. पूर्वी हा लांब रीमर गॅरेजागणिक नसला तरी पेठेगणिक एखाद्याकडे असे, आणि तो भाड्याने वा भिडेखातर मिळे. आज तो पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गंजलेल्या पान्यांच्या ढिगात, अथवा मुंबईच्या चोरबाजारात, विकणाऱ्याला त्याचा उपयोग ठाऊक नसताना दृष्टीस पडतो. अशा ढिगातून वस्तू उचलताना थोडे ज्ञान सोबत हवे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा बोल्टच्या दांड्याच्या व्यासाचा असतो, तर अमेरिकी आणि मेट्रिक पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधल्या अंतराचा. व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंशांचा, मेट्रिक आट्याचा 60 अंशांचा. फियाटचा वंश मेट्रिक. तिच्या भुजेत जवळपासच्या मापाचा ब्रिटिश बोल्ट बळेच पिळून बसवणाऱ्याने एका बोल्टची सोय केली आणि एका भुजेचा नाश केला, असेच म्हटले पाहिजे.

आणि येथेच मूळ मुद्द्याकडे वळणे प्राप्त आहे. नाना पेठेत, कुर्ल्यात, एखाद्या तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर, कागदी वेष्टनातला अस्सल किंगपिन अजूनही क्वचित सापडतो, आणि तो सापडल्याचा आनंद मी जाणतो. परंतु अशा सापडण्यावर एका संपूर्ण पिढीच्या गाड्यांचे भवितव्य उभे करता येत नाही. भाग पुन्हा घडवावेच लागतील, आणि घडवणे ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अवघड बाब नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत, सातपुरात हे कातकाम लीलया करणारे कारागीर आहेत. त्यांना हवे असते ते माप, आणि माप मिळवणे हीच खरी विद्या आहे. झिजलेला किंगपिन नमुना म्हणून लेथवाल्याच्या हाती दिला तर तो इमानाने झिजेसकट त्याची नक्कल करील. ज्याला हे काम कळते तो पिनचा जो भाग बुशमध्ये फिरतच नाही, जेथे झीज पोहोचलेली नाही, तेथे मायक्रोमीटर लावतो आणि मूळ व्यास शोधून काढतो. दोन-तीन गाड्यांचे भाग ताडून पाहतो. पोलादाची कठिणता तपासून घेतो. रबरी बुश असेल तर साच्याबरोबर रबराच्या कठिणतेचा आकडाही नोंदतो, कारण आकाराने तंतोतंत जुळणारा पण अतिकठीण रबराचा बुश गाडीला बैलगाडीची कळा आणतो. हे सारे ज्ञान आज वयोवृद्ध मिस्त्रींच्या बोटांत आहे, कोणत्याही दप्तरात नाही.

सरकारी नियमांनी या बाबतीत अर्धे काम केले आहे. 2021 सालच्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून निराळी नोंदणी दिली. तिची फी नव्या नोंदणीस 20,000 रुपये, पुनर्नोंदणीस 5,000 रुपये. क्रमांकात ‘व्हीए’ ही दोन अक्षरे. रोजच्या वापरास मात्र मनाई. ही तजवीज स्तुत्य आहे. परंतु त्याच वर्षी जुनी वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांचेही नियम आले, आणि पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणीचे ओझे व पन्नासाव्या वर्षी मिळणारा सन्मान यांच्या दरम्यान जी पस्तीस वर्षांची दरी राहिली तिच्यात पद्मिनीच्या उत्पादनाचा बहुतेक सारा काळ सामावतो. 1974 ची पद्मिनी 2024 साली पन्नास वर्षांची झाली; 1990 ची गाडी त्या सन्मानासाठी 2040 पर्यंत टिकली पाहिजे. ती कशाच्या बळावर टिकावी, याचे उत्तर नियमांत नाही.

जुन्या गाड्या धूर ओकतात आणि अपघातास कारण होतात, तेव्हा त्या गेलेल्याच बऱ्या, असा आक्षेप घेतला जाईल. धुराचा मुद्दा रास्त आहे, आणि त्या गाड्यांना रोजच्या रहदारीत मोकळीक द्यावी असे माझे म्हणणे नाही. अपघाताच्या मुद्द्याचा निष्कर्ष मात्र उलट निघतो. ढिला किंगपिन आणि फाटका बुश घेऊन धावणारी गाडी धोक्याची असते. योग्य मापाचा भाग उपलब्ध असला तर तोच धोका टळतो. सुटे भाग दुर्मिळ करून आपण सुरक्षितता वाढवत नाही, फक्त तारेने बांधलेल्या दुरुस्त्या वाढवतो.

म्हणून दोन मागण्या कराव्याशा वाटतात. पहिली अशी की मोडीत निघणारी गाडी दाबयंत्राखाली जाण्यापूर्वी तिच्या जातीचे जे भाग बाजारातून नाहीसे झाले असतील ते उतरवून, तपासून, वर्गवारी लावून ठेवण्याची आणि गरजूस रास्त मोबदल्याने देण्याची सक्ती मोडीत काढणाऱ्या केंद्रांवर करण्यात यावी. दुसरी मागणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांविषयी आहे. तेथील मुले दरवर्षी सरावासाठी निरुपयोगी जिन्नस कातून भंगारात टाकतात. त्याऐवजी त्यांना एक किंगपिन, एक शॅकल, एक भुजा मोजू द्यावी, तिचा आराखडा काढू द्यावा, आणि तो आराखडा संस्थेच्या दप्तरी क्रमांक घालून ठेवावा. जागतिक जुन्या वाहनांच्या महासंघाने स्वीकारलेल्या तुरीन सनदेत बदललेल्या भागावर टिकाऊ खूण असावी असे सुचवले आहे. नव्याने घडवलेल्या प्रत्येक भागावर वर्ष कोरण्याची शिस्त त्या मुलांना त्याच वेळी लावता येईल.

यांपैकी कशाचीही वाट न पाहता गाडीमालकाला एक काम या आठवड्यात करता येण्याजोगे आहे. आपली गाडी पुढल्या वेळी जॅकवर चढेल तेव्हा मिस्त्रीजवळ उभे राहा, निघालेला प्रत्येक भाग व्हर्निअरने मोजा, स्प्रिंगची मोकळी उंची, तारेचा व्यास, वेढ्यांची संख्या, पाट्यांची संख्या, जाडी व लांबी वहीत लिहा, मिस्त्री जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, आणि त्या वहीची एक नक्कल गावच्या आयटीआयला किंवा तंत्रनिकेतनाला नेऊन द्या.