बंबाला हार, जवानाला काय?

नगरपालिकेत नवा बंब आला की त्याला हार पडतो, नारळ फुटतो, फोटो निघतो. तांबड्या बंबाचे कौतुक मुलांना असते, तसे थोरांनाही असते. पण त्या बंबावरून उडी मारून धुरात शिरणाऱ्या माणसाच्या अंगावर काय आहे, हे आपल्यापैकी कितीजण पाहतात?

1 जुलै 2023 ची ती रात्र बुलढाणा जिल्हा विसरू शकत नाही. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा येथे उलटली, पेटली आणि 25 प्रवासी गेले. बस दाराच्याच बाजूवर पडली होती. अशा प्रसंगी नुसता पाण्याचा बंब पुरत नाही. पत्रा कापणारी हायड्रॉलिक कात्री हवी, काचा फोडण्याची साधने हवीत आणि फेस हवा. कारण डिझेल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आगही पसरते.

खामगाव-मलकापूरकडची आग वेगळी. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते, पण आत धुमसतच राहते. ती ओढून, फोडून भिजवावी लागते आणि तोवर गोदाम धुराने भरलेले असते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल कार्बन मोनॉक्साइड अडवीत नाही; त्यासाठी पाठीवर हवेचा सिलिंडरच हवा. मुंबईच्या गोदीत 14 एप्रिल 1944 रोजी फोर्ट स्टायकिन जहाजावर पेटल्या त्या कापसाच्या गाठीच. त्याच जहाजात दारूगोळा होता. स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जण बळी पडले. दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तो त्यांच्याच स्मरणार्थ.

तेव्हा खरेदीचा पहिला नियम साधा आहे: आधी आपल्या गावची आग ओळखा, मग यादी करा. शेजारच्या नगरपालिकेची यादी उतरवून काढणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेणे.

कपड्यांचेही तसेच. आगीत शिरण्याचा पोशाख तीन थरांचा असतो. बाहेरचा थर ज्वाला सोसतो, मधला पाणी व वाफ अडवतो, आतला उष्णता रोखतो. यातला एक थर जरी हलका निघाला तरी बाकीचे दोन व्यर्थ. साधा नायलॉन किंवा टेरिलीन तर वितळून कातडीलाच चिकटते. म्हणून निविदेत केवळ ‘अग्निरोधक पोशाख’ एवढेच लिहून भागत नाही. कोणत्या मानकाचा, कोणत्या प्रयोगशाळेत तपासलेला, हेही लिहावे लागते. नाहीतर सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि दरातला फरक जवान आपल्या कातडीने भरून देतो.

याला दुसरी बाजूही आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना तीन थरांचा जड पोशाख घालून कडब्याची गंजी विझवायला गेलेला जवान उष्माघातानेच कोसळेल. उघड्यावरच्या आगीला एकेरी, हलका पोशाख वेगळा हवा. मापेही माणसागणिक घ्यावीत. ढगळ हातमोज्यांनी नळीची जोडणी बसत नाही, आणि मग मोजे काढून ठेवले जातात.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी ऐकण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशामकाचे कामच कर्करोगकारक ठरवले. काजळीने माखलेला पोशाख घरी नेऊन घरच्या कपड्यांत धुणे म्हणजे ते विष पोराबाळांपर्यंत नेणे. म्हणून प्रत्येकाला दोन जोड आणि केंद्रातच धुण्याची सोय, हा खर्च चैनीचा नव्हे.

हे सारे महाग आहे, खरे. परंतु बंब एकदा घेऊन पुढे सिलिंडर भरण्याला, त्याच्या ठरावीक चाचणीला आणि जवानांच्या सरावाला तरतूद नसेल, तर तो बंब म्हणजे पाण्याचा टँकरच. पुढच्या वेळी नगरसेवक मतासाठी दारी आले की रस्ता आणि नळाबरोबर हेही विचारा: आपल्या गावात हवेचे सिलिंडर किती आणि त्यांतले भरलेले किती? पोशाख प्रत्येकाला आहे, की जो पहिला पोहोचेल त्याला?

आपल्या घराला आग लागली तर ज्याला आपण आत जा म्हणणार आहोत, त्याच्या घरीही कोणीतरी वाट पाहत असते.