पडद्यावर वाचतो कोण?

मी ॲक्शनपटांची जुनी चाहती आहे, हे आधीच सांगून टाकते. पाठलाग, हाणामारी, आकाशात उडणारा नायक, शेवटच्या वीस मिनिटांत जमीनदोस्त होणारे शहर हे सगळे मला मनापासून आवडते. 'हे पोरांचे खूळ' म्हणणाऱ्यांशी मी कॉलेजपासून भांडत आले आहे. त्यामुळे पुढचे लिखाण सिनेमाला नाके मुरडणाऱ्या बाईचे नाही. पॉपकॉर्नच्या किमतीवर वैतागत का होईना, पहिल्या आठवड्यात तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाचे आहे.

नवा मोठा ॲक्शनपट आला की आपल्याकडे एक हिशेब सुरू होतो. खलनायक मुसलमान आहे का? नायक आहे का? निदान एखादा 'चांगला' मुसलमान तरी ठेवला आहे का? हा हिशेब खोटा नाही. वर्षानुवर्षे आपल्या नावाचे लोक पडद्यावर बंदूक किंवा बॉम्ब घेऊन आले आहेत, तेव्हा मोजणी होणारच. पण ती पुरेशी नाही. मला वाटते, या सिनेमांना वेगळाच प्रश्न विचारायला हवा. इमारत कोसळते तेव्हा खाली कोण उभे असते? त्या माणसाला नाव असते का? आणि इमारत पाडणाऱ्याला जाब विचारणारे कुणी असते का?

सुपरहिरोपटांनी हा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारला आहे. २०१३च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन आणि झॉड यांच्या लढाईत मेट्रोपोलिस शहराचा चुराडा झाला, आणि चाहतेच चिडले. लोकांना वाचवणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याच्या पायाखाली एवढी माणसे मेली कशी? २०१६चा 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन' मग त्याच लढाईच्या रस्त्यावर आपल्याला पुन्हा घेऊन गेला. धुळीच्या लोटात धावणारा ब्रूस वेन वर उडणाऱ्याकडे खालून पाहतो. त्याच वर्षी 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' आला. त्यात एक आई आपल्या मेलेल्या मुलाचा फोटो टोनी स्टार्कच्या हातात देते. तुमच्या लढाईत हा गेला, याचा हिशेब कोण देणार, एवढेच तिचे म्हणणे. त्या सिनेमाचा खलनायक झेमो हासुद्धा ॲव्हेंजर्सच्या लढाईत कुटुंब गमावलेला माणूस आहे. ११७ देश एकत्र येऊन सुपरहिरोंना कायद्याच्या चौकटीत आणू पाहतात. नायकांनी कायदा मानावा की नाही, यावर नायकांमध्येच मारामारी होते. मसालेदार सिनेमात एवढा गंभीर वाद बसू शकतो, हे मला त्या वेळी फार आवडले होते.

त्याआधीच्या २००८च्या 'आयर्न मॅन'शी ताडून पाहा. टोनी स्टार्क अफगाणिस्तानात पकडला जातो. गुहेतले अतिरेकी आपल्याला कळेल अशा उर्दूतही बोलतात. टोनीला वाचवणारा यिन्सेन गुलमिरा गावचा. त्याला नाव आहे, घरदार आहे, पण नायकाला आयुष्याचा हेतू देऊन तो मरतो. पुढे आयर्न मॅन गुलमिरात उतरतो, वाईट माणसांना गोळ्या घालतो आणि निघतो. तो उडाला की कॅमेराही त्याच्याबरोबर उडून जातो. गाव मागे राहते.

म्हणूनच ११ जुलै २०२५ला आलेल्या जेम्स गनच्या 'सुपरमॅन'ची मी उत्सुकतेने वाट पाहिली होती. या सिनेमाला खालच्या माणसांची फिकीर आहे. अक्राळविक्राळ प्राण्याशी झुंजताना हा सुपरमॅन एका खारीलाही उचलून बाजूला ठेवतो. त्याने बोराव्हिया या देशाचे जरहानपूरवरचे आक्रमण थांबवलेले असते. बोराव्हिया अमेरिकेचा मित्र, जरहानपूर गरीब. कुणाला विचारून तू दुसऱ्या देशात शिरलास, असे लोइस लेन त्याला मुलाखतीत खडसावून विचारते. तो चिडून एवढेच म्हणत राहतो की माणसे मरणार होती. त्याची बाजू बरोबर आहे आणि तिचा प्रश्नही बरोबर आहे. दिग्दर्शकाने तो वाद आपल्यावर सोडला, हे चांगले केले.

या सिनेमात मलिक अली नावाचा फलाफलची गाडी लावणारा माणूस आहे. सुपरमॅन रस्त्यावर पडतो तेव्हा हात देऊन त्याला उठवणारा हाच. पुढे लेक्स ल्युथर त्याला पकडून आणतो आणि सुपरमॅनच्या डोळ्यांसमोर गोळी घालतो. मलिक अलीकडे बंदूक नाही आणि त्याला स्वतःला चांगला सिद्ध करायचे भाषणही नाही. तो गाडीवरून खायला विकणारा, साधी माणुसकी असलेला माणूस आहे. आपल्या नावाचा असा माणूस अब्जावधींच्या सिनेमात मी फार क्वचित पाहिला आहे. तो मरतो याचे वाईट वाटते. पण त्याच्या मरणाचे वाईट वाटावे अशी सोय सिनेमाने केली, हेही खरे.

हाच सिनेमा जरहानपूरच्या सीमेवर मात्र कमी पडतो. रणगाड्यांसमोर काठ्या आणि शेतीची अवजारे घेऊन सावळी माणसे उभी आहेत. एक पोरगा सुपरमॅनच्या चिन्हाचा झेंडा उभारतो. जगभर अनेकांना त्या दृश्यात गाझा दिसला, आणि तो का दिसला हे समजावून सांगायची गरज नाही. पण त्या गर्दीतल्या कुणाचे नाव आपल्याला कळत नाही. कुणी दोन वाक्ये बोलत नाही. त्यांनी हाक मारायची आणि आकाशाकडे पाहायचे, एवढेच त्यांचे काम. आणि आपल्या सेन्सॉर मंडळाने या सिनेमातून काय कापले? चुंबनाची ३३ सेकंदे. हाणामारी मंडळाला चालली.

आता आपल्या घरचे सिनेमे. २०२३ साली शाहरुख खानचे 'पठाण' आणि 'जवान' आले आणि दोघांनीही जगभरात हजार कोटींचा टप्पा ओलांडला. 'पठाण'चे नावच पाहून आपल्यातले बरेच जण खुश झाले. पण माझ्या प्रश्नाला 'जवान' अधिक खरा उतरतो. 'पठाण'मध्ये सरकारने खंडणी नाकारली म्हणून ज्याची गरोदर बायको मारली गेली, तो एजंट खलनायक होतो. त्याची तक्रार खरी असूनही तिचे उत्तर कुणी देत नाही. 'जवान'मध्ये तीच तक्रार नायकाच्या तोंडी आहे. कर्जापायी जीव देणारा शेतकरी, प्राणवायूअभावी दगावलेली मुले, त्यांच्यासाठी धावाधाव करून उलट तुरुंगात गेलेली डॉक्टर ईरम, सदोष बंदुका हातात दिलेले जवान. नायकाच्या टोळीतल्या सहाही जणी तुरुंगातल्या बायका. शेवटी तो प्रेक्षकांकडे वळून सांगतो की मत देण्यापूर्वी प्रश्न विचारा. ओलीस धरून आरोग्यव्यवस्था सुधारत नाही, हे मलाही कळते. पण निदान या नायकाला खाली उभ्या असलेल्या माणसांची दुखणी ठाऊक आहेत.

याउलट ५ डिसेंबर २०२५ला आलेला 'धुरंधर'. साडेतीन तासांहून मोठा, तरी खुर्चीवरून हलू देत नाही. अक्षय खन्नाचा रहमान डकैत लोकांच्या डोक्यात बसला, आणि तो बसावा असाच आहे. कारागिरीत हा सिनेमा अव्वल आहे, हे मान्य न करणे म्हणजे चाहतेपणाशी बेइमानी होईल. पण त्यातली ल्यारी पाहा. कराचीतली ही जुनी कष्टकरी वस्ती फुटबॉल आणि बॉक्सिंगसाठी ओळखली जाते. पडद्यावर मात्र गल्लीगल्लीतून टोळ्या आणि हत्यारे तेवढी दिसतात. तिथला सामान्य माणूस पार्श्वभूमीला उरतो.

२६/११चा हल्ला खरा, त्यातले मृत्यू खरे. ते दुःख मुंबईचे आहे, म्हणजे आपलेही आहे. मृतांमध्ये मुसलमानही होते. आणि मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कबरस्तानात जागा देण्यास मुंबईतल्या मुस्लिम संस्थांनी साफ नकार दिला होता. केवढा नाट्यमय प्रसंग आहे हा! पण असा प्रसंग ॲक्शनपटाच्या वेगात बसत नाही. बसतो तो चेहरा, दाढी, सुरमा आणि पार्श्वसंगीत. माझा भाचा बारावीला आहे. सिनेमा पाहून आला तेव्हा तोही रहमान डकैतच्या चालीची नक्कल करत होता. आठवड्याभराने म्हणाला, "खाला, वर्गातली पोरं आता मलाच डकैत म्हणून हाक मारतात." तो हसत सांगत होता. मला हसू आले नाही.

यावर उपाय म्हणून काही दिग्दर्शक एखादा चांगला मुसलमान पेरतात. २०२१च्या 'सूर्यवंशी'त दहशतवादाच्या कथेमध्येच मुसलमान मंडळी गणपतीची मूर्ती सुरक्षित जागी हलवायला हात देतात. दृश्य गोड आहे आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत ते खरेही आहे. पण दोन हाणामाऱ्यांच्या मध्ये ते असे येते, जणू चारित्र्याचा दाखला शिक्का मारून सादर केला जातो आहे. मलिक अलीला असा दाखला लागला नव्हता.

मला सर्वांत जास्त खटकला तो २०२३चा 'ॲनिमल'. बॉबी देओलचा अबरार हक मुका, क्रूर आणि तीन बायकांचा नवरा. त्याच्या क्रौर्यावर फोडणी म्हणून त्या तीन बायका आहेत. त्या तिघींना काय वाटते, हे सिनेमा एकदाही विचारत नाही. बहुपत्नीत्वाविरुद्ध मुस्लिम स्त्रिया स्वतः बोलत आल्या आहेत. १८ एप्रिल १९६६ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला, तो याच मागण्यांसाठी. त्यामुळे पडद्यावर हा विषय येऊच नये, असे मी म्हणणार नाही. उलट, यावा. पण बाईच्या बाजूने यावा. 'ॲनिमल'ला बाईशी देणेघेणे नाही, त्याला फक्त खलनायक अधिक परका करायचा आहे. आणि त्याचा 'आपला' नायक तरी बायकोशी कसा वागतो?

बाईच्या बाजूने गोष्ट सांगितली की काय होते, ते 'मिस मार्व्हल'मध्ये दिसते. २०२२ची ही सहा भागांची मालिका. जर्सी सिटीतली कमला खान ही शाळकरी पोर तिची नायिका. पण माझी आवडती तिची मैत्रीण नाकिया. मशिदीतला बायकांचा भाग मोडकळीला आलेला, म्हणून नाकिया मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवते आणि जिंकते. तिच्याकडे कसलीही अद्भुत शक्ती नाही. सरकारी यंत्रणा संशयावरून मशिदीत शिरते तेव्हा ही मालिका समाजाच्या बाजूने उभी राहते, आणि मशिदीच्या आत बायकांना दुय्यम जागा मिळते तेव्हा ती नाकियाच्या बाजूने उभी राहते. दोन्ही एकाच वेळी करता येते, हे आपण किती वर्षे ओरडून सांगतो आहोत. फाळणीच्या रेल्वे फलाटावर पोचलेली कमला फाळणी थांबवत नाही. एका हरवलेल्या चिमुकलीला तिच्या बापापर्यंत पोचवते. पुढे कमला ज्यात होती तो 'द मार्व्हल्स' मार्व्हलच्या मालिकेतला सर्वांत कमी कमाईचा सिनेमा ठरला, हेही नोंदवायला हवे.

आणि आपल्या मालेगावला विसरून कसे चालेल? फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटातला सुपरमॅन काडीसारखा आहे. हिरव्या कापडासमोर लटकवून त्याला उडवलेले. तो लढतो तंबाखूशी आणि घाणीशी, म्हणजे त्या गावाच्या खऱ्या शत्रूंशी. ती भूमिका करणारा शफीक यंत्रमाग कामगार होता आणि तो कर्करोगाने गेला. फेब्रुवारी २०२५मध्ये आलेल्या रीमा कागतींच्या 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'ने ही गोष्ट पुन्हा सांगितली. मालेगावच्या सिनेमात खालचा माणूसच वर उडतो. एक गोष्ट तिथेही सलते. गावातल्या मुली कॅमेऱ्यासमोर येत नसत, नटी बाहेरून आणावी लागे. मालेगावची सुपरवुमन अजून उडायची आहे.

सिनेमावर बंदी घाला, बहिष्कार टाका, हे मला पटत नाही. कापाकापी एकदा सुरू झाली की काय कापले जाते, ते ३३ सेकंदांनी दाखवले आहे. त्यापेक्षा पोरांबरोबर सिनेमा पाहावा आणि येताना चहाच्या टपरीवर थांबून बोलावे. यात कोण वाचले, कोण मेले, मेलेल्याचे नाव काय, बायका काय बोलल्या? भाच्याला मी हेच विचारले. थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, "एवढी माणसं मेली खाला, पण मला एकाचंही नाव आठवत नाहीये." पुढच्या सिनेमाला त्याच्या वर्गातल्या दोन पोरांनाही घेऊन ये, असे मी त्याला सांगितले आहे. तिकिटे माझ्याकडून.